पाहुणीला दाखवलेला बालवर्ग

वाइदोले, १६ मार्च

प्रिय एमोरी,

मंगळवारी सकाळी मी प्रार्थनेचा लाकडी ढोल नेहमीपेक्षा तासभर आधी वाजवला. लोकांना वाटलं, गावात कुणी गेलं. सगळे डोळे चोळत बाहेर आले, तेव्हा मी चर्चच्या पायरीवरून सांगितलं की कुणी गेलेलं नाही, कुणीतरी येतंय. काल बैठकीत बोललो त्या, सुव्याहून तुमच्या बालवर्ग साहाय्य कार्यालयाच्या बाई आज आठच्याच बोटीने उतरणार आहेत, आणि आपला बालवर्ग अजून त्यांच्यासमोर ठेवण्यासारखा झालेला नाही.

पुढच्या तासात गावाने जे केलं ते पाहायला तू हवा होतास. घराघरातून केवड्याच्या चटया आल्या, मुलींच्या लग्नासाठी जपून ठेवलेल्यासुद्धा. पलीकडच्या खाडीवरच्या मोठ्या शाळेतून वीस लहान खुर्च्या आणि प्लास्टिकच्या खेळण्यांच्या दोन टोपल्या आदल्या दिवशीच होडीतून आणून ठेवल्या होत्या. छपराला भोक आहे तिथे खालून मासीचं नक्षीदार कापड ताणून बांधलं. भोक तर झाकलं गेलंच, वर खोली एखाद्या प्रमुखाच्या बैठकीसारखी दिसायला लागली. बायांनी ओढ्यावरून पाण्याची पिंपं भरली. पुरुषांनी जमिनीतली भट्टी पेटवली.

मिस गौंडर फार साध्या बाई आहेत. त्यांनी भेट म्हणून यंगोना या पेयाची मुळं रीतसर पुढे ठेवली, आपल्या वडीलधाऱ्यांनी ती रीतसर स्वीकारली. डुकराला त्यांनी हात लावला नाही, पण नारळाच्या दुधातली मासळी दोनदा घेतली. मुलांनी गाणं म्हटलं. जाताना त्यांचे डोळे भरून आले होते. 'इतका सुंदर बालवर्ग मी या बेटांवर पाहिला नाही,' असं त्या म्हणाल्या.

नाताळात तूच सांगितलं होतंस की या वर्षी कार्यालयाकडे छपराचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, पुस्तकं आणि बायांच्या प्रशिक्षणाच्या बारा जागा आहेत. आणि जानेवारीपासून ज्या बालवर्गात प्रमाणपत्र असलेली बाई नसेल त्याची नोंद रद्द होणार आहे. पत्रे उशिरा आले तरी चालतील. त्या बारांपैकी एक जागा आमच्या ताईंना मिळावी, एवढंच माझं मागणं आहे. चौदा वर्षं त्या हा वर्ग चालवताहेत. तू कार्यालयाच्या गोदामात असतोस, तुझ्या कानावर सगळं येतं. काही कळलं तर लिही. टेकडीवर चढलं की फोन लागतो, पण तिथे बोललेलं अख्खं गाव ऐकतं.

देव तुझं भलं करो.

तुझा मामेभाऊ,
अमिनियासी

—

सुवा, २ एप्रिल

उपदेशक महाराज,

आतेभावाला मामेभावाची टर उडवायचा हक्क असतो, म्हणून बरं. नाहीतर हे पत्र तुला पाठवायची सोय नव्हती.

गौंडर बाई डुक्कर खात नाहीत हे मी तुला नाताळात सांगितलं होतं. म्हणजे ते डुक्कर तू स्वतःसाठी भाजलंस. असू दे. दुसरंही एक सांगितलं होतं, आठवतंय? 'भोकं दाखव.' दोन शब्द. रविवारी तू दोन-दोन तास बोलतोस, तुला दोन शब्द लक्षात ठेवता आले नाहीत?

आमच्याकडे भेटीत काढलेले फोटो भिंतीवर लावतात. तुमचे लावले, तेव्हा अख्खं कार्यालय उभं राहून बघत होतं. मीही खोके खाली ठेवून बघितले. मासीच्या मागे काय आहे ते तिथे फक्त मला ठाऊक होतं. आकाश आहे. एकजण म्हणाला, 'अरे, यांच्याकडे आपल्या साहेबांच्या खोलीपेक्षा चांगल्या खुर्च्या आहेत.' सगळे हसले. मीही हसलो, काय करणार?

फाइलींचे तीन गठ्ठे असतात. लगेच द्यायचं, पुढच्या खेपेला द्यायचं, आणि गरज नाही. तुमची फाइल तिसऱ्या गठ्ठ्यात आहे.

पण मी हे पत्र पत्र्यासाठी लिहीत नाही. अहवाल टंकणारी मुलगी माझ्या ओळखीची आहे, तिने कागद दाखवला. शिक्षिका या रकान्यात लिहिलंय, 'केलेरा, प्रमाणपत्रधारक, उत्तम इंग्रजी.' प्रशिक्षणाची गरज या रकान्यात, 'नाही.'

केलेरा कोण? तरा कुठे आहे? मी तो कागद तीनदा वाचला. तुझ्या बहिणीचं, आपल्या तराचं नाव त्यात कुठेच नाही, मदतनिसांच्या यादीतसुद्धा नाही. ती मेली का रे? मेली असती तर तू दोन तास बोलला असतास, मला कळलं असतं.

नीट उत्तर लिही. बायबलमधलं काही नको.

एमोरी

—

वाइदोले, २० एप्रिल

प्रिय एमोरी,

तुझ्या शिव्या मी मान खाली घालून वाचल्या.

केलेरा ही आपल्या गावप्रमुखांची सून. मोठ्या शाळेत शिकवते, बाळंतपणाच्या रजेवर घरी आली होती. आदल्या दिवशीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की प्रमाणपत्र नसलेली बाई समोर दिसली तर पाहुण्या जागच्या जागी बालवर्ग बंद करतील. त्यावर बरीच चर्चा झाली, आणि त्या दिवसापुरतं केलेराने पुढे बसावं असं ठरलं. ताईंचा पायही सुजलेला होता. इंग्रजी त्यांना येत नाही. स्वयंपाकाची बाजू सांभाळणारं कुणी हवंच होतं.

तू शहरात राहून विसरला असशील, पण पाहुण्याला आपण घराची फाटकी बाजू दाखवत नाही. आणि रिकाम्या दारात कोण काय ठेवून जातं? ज्याच्याकडे आधी काही आहे, ज्याने आधी काही दिलंय, त्यालाच परत मिळतं. माझे वडील असंच वागले, तुझी आईही असंच वागली. मला वाटलं, त्यांना आमची लायकी दिसली की त्या आपण होऊन विचारतील, तुम्हाला काय हवं? मग मी ताईंचं नाव पुढे केलं असतं. त्यांनी विचारलंच नाही.

ताईंना निरोप पाठवला होता. शेजारच्या मुलीच्या हाती त्यांचं उत्तर आलं, 'गावाला योग्य वाटेल ते करा.' मला वाटलं, त्यांची संमती आहे. बहिणीच्या मनात काय आहे हे भावाने विचारायचं नसतं, तिच्यासमोर बसायचंही नसतं. तुला हे सांगायला नको. बारा वर्षांचा झाल्यापासून मी त्यांच्याशी एक वाक्य बोललेलो नाही. त्या वाटेने येत असल्या तर मी दुसऱ्या वाटेने जातो. यालाच मी आजवर प्रेम समजत आलोय, आणि ते आहेही.

तू त्यांचा आतेभाऊ. तुला त्यांच्याशी बोलता येतं, चेष्टा करता येते. म्हणून दोन विनंत्या आहेत. मिस गौंडरना चहाच्या वेळी हळूच सांग की लिहिण्यात काहीतरी गफलत झाली असावी. गावाचं नाव खराब होणार नाही असं सांग. आणि ताईंना एक पत्र लिहून त्यांच्या मनात काय आहे ते विचार.

अमिनियासी

—

सुवा, ११ मे

अमिनियासी,

महाराज बिहाराज काही नाही आज.

बाईंना सांगितलं. हळूच, चहाच्या वेळी. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'एमोरी, मी तिथे तीनदा विचारलं, इथे रोज शिकवतं कोण? तिसऱ्यांदा तुमचे उपदेशक उठून उभे राहिले. त्या मुलीकडे हात केला आणि म्हणाले, ही आमची शिक्षिका. देवाची साक्ष काढून म्हणाले.'

तू मला लिहिलंस 'ठरलं'. चर्चा झाली आणि ठरलं. जसं काही पाऊस पडला.

बाई चिडल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, 'त्या बारा जागा प्रमाणपत्र नसलेल्या बायांसाठीच आहेत हो. मी शोधत होते ती बाई तिथेच होती आणि मी जेवून परत आले.' त्यांनी एक वाट ठेवली आहे. जो बोलला त्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं की हे खोटं होतं, खरी शिक्षिका अमुक. जूनअखेरपर्यंत. मग फाइल पुन्हा उघडेल आणि तराचं नाव बारांत जाईल. पण कागदावर आलं की गावप्रमुखांनाही विचारणा होणार. ती त्यांना टाळता येणार नाही.

तराला मी हे सगळं लिहिलं होतं. तिचं उत्तर सोबत पाठवतोय. ते तुझ्यासाठी नाही. तिला कळलं तर ती मला माशासारखा सोलेल. तरी पाठवतोय, कारण तुझी बहीण तुझ्याशी कधी बोलणार नाही आणि तू ऐकल्याशिवाय हलणार नाहीस.

एमोरी

—

(सोबतचं पत्र)

वाइदोले, ३ मे

टकल्या एमोरी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडी चालल्यासारखंच आहे. माझ्या वर्गातली चार वर्षांची पोरं बरी.

काय वाटलं म्हणून विचारतोस. ऐक मग. सकाळपासून मी कालवं सोलत होते. स्वयंपाकघराच्या बोरूच्या भिंतीपलीकडे माझी पोरं. केलेराने सकाळचं गाणं चुकीच्या सुरात धरलं, पोरं गोंधळली, मग गप्पच झाली. पोर वाईट नाही ती. तिलाही घाम फुटला होता, मला आवाजावरून कळत होतं. धाकटी वासिती उठून थेट माझ्या दारात आली आणि म्हणाली, 'तू इकडे का? तिकडे दुसरीच बाई बसलीय.' मी तिच्या हातात उकडलेल्या दालोच्या कंदाचा तुकडा दिला आणि परत पाठवलं. दुसरं काय करायचं होतं?

माझी खेळणी एका पोत्यात भरून चर्चच्या मागे टाकली होती. करवंट्या, शिंपले, मोजायच्या बिया, माडाच्या पात्यांच्या बाहुल्या. चौदा वर्षांत जमवलेलं. खुर्च्या दुसऱ्या दिवशी होडीतून परत गेल्या. पोतं आणायला कुणालाच आठवण झाली नाही. तीन दिवसांनी मीच ओढत आणलं. बाहुल्या भिजून कुजल्या होत्या.

'ही आमची शिक्षिका' म्हणणारा आवाज मी ओळखला. दर रविवारी ऐकते तो.

पण ते जाऊ दे. ती पाहुणी जेवण झाल्यावर मागे आली, बायांचे आभार मानायला. असं कुणी करत नाही. तिने माझा हात हातात घेतला, मासळीचा वास येत होता तरी. मला दुभाष्याकरवी विचारलं, 'तुमचंही मूल आहे का या वर्गात?' एमोरी, तोंडापर्यंत आलं होतं. सगळी आहेत म्हणावं, एकूण एक माझी आहेत. पण दारापलीकडे माझा भाऊ उभा होता. त्याचं तोंड सगळ्या गावासमोर काळं झालं असतं. मी म्हटलं, 'हो, एक नातू आहे.' माझं लग्न झालेलं नाही हे तिला कुठे ठाऊक?

मला टाकी नको, पत्रा नको. पावसात पोरांना घेऊन कोरड्या कोपऱ्यात बसायची मला सवय आहे. शिकायला मात्र जायचं होतं. पन्नाशीत लाज वाटते सांगायला. एक वही विकत घेऊन ठेवली होती.

तो लिहून देणार नाही. तू त्याच्या मागे लागू नकोस. त्याला वरती उभं राहून जगायची सवय झाली आहे, खाली उतरला तर पडेल. जानेवारीत मी पोरं घरी पाठवीन.

बायकोला सांग, तुला मीठ कमी देत जा.

तरा

—

वाइदोले, १२ जून

प्रिय एमोरी,

ते पत्र मी मळ्यात बसून वाचलं. मग घरी आलो, जेवलो, संध्याकाळची प्रार्थना घेतली. सगळं नेहमीसारखं केलं. मला तिचा, म्हणजे ताईंचा, आवाज ठाऊक नव्हता. त्या विनोदी आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

गावप्रमुखांकडे गेलो. यंगोना पुढे ठेवली आणि काय लिहायचं आहे ते सांगितलं.  ते म्हणाले, 'त्या दिवशी चटया कुणी दिल्या? अख्ख्या गावाने. डुक्कर कुणाचं? माझं. तू लिहिलंस तर अख्खं गाव खोटं ठरेल. लिही, पण मग त्या चर्चमध्ये उभा राहू नकोस. खोटारड्याच्या तोंडून आम्ही देवाचं नाव ऐकणार नाही.' हे ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, तरी मला दारापर्यंत सोडायला आले.

मी प्रार्थना करतो आहे. उत्तर आलं की लिहीन. अजून अठरा दिवस आहेत.

अमिनियासी

—

सुवा, ४ जुलै

अमिनियासी,

अठरा दिवस संपून चार झाले.

सोमवारी बारा जागा भरल्या. बारावी जागा तुमच्या पलीकडच्या बेटावरच्या बाईला गेली. काल तिच्या गावाचं सामान मी स्वतः बोटीवर चढवलं. पत्रे, टाकी, पुस्तकांचे सहा खोके. भोक झाकायला मासी नव्हती वाटतं त्यांच्याकडे. नशीबवान लोक.

गौंडर बाईंनी एकदाच विचारलं, 'काही आलं का?' मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली. पुढची यादी दोन वर्षांनी. तोवर तुमची नोंद रद्द झालेली असेल, आणि रद्द झालेल्याला यादीत घेत नाहीत.

आता लिहून काहीच उपयोग नाही. त्यामुळे शांतपणे प्रार्थना कर. देवाला घाई नाही, तुलाही नाही.

मला पुन्हा लिहू नकोस इतक्यात. थट्टा सुचेनाशी झाली आहे, आणि थट्टेशिवाय तुझ्याशी बोलायची मला सवय नाही.

एमोरी

—

वाइदोले, ९ ऑगस्ट

प्रिय एमोरी,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितो आहे. उत्तर नको.

जूनमध्ये मी तुला लिहिलं की उत्तराची वाट पाहतोय. ते खरं नव्हतं. उत्तर मला त्याच दिवशी मळ्यात मिळालं होतं, तुझ्या पाकिटात घडी घालून. मी रोज सकाळी देवाला तोच प्रश्न पुन्हा विचारायचो, म्हणजे वेळ जावा. मुदत टळली त्या दिवशी मला काय वाटलं ते सांगतो, कारण हे तुझ्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही. मला हलकं वाटलं. आता लिहिलंच पाहिजे असं राहिलं नाही, म्हणून. ते हलकेपण मला ओळखू आलं आणि त्यानंतर मला उपदेशाला उभं राहता येईना. दोन रविवार ताप आहे असं सांगितलं.

मागच्या रविवारी उठलो. वचन वाचलं नाही. मार्चमधल्या त्या दिवशी मी काय केलं ते सांगितलं, देवाची साक्ष काढल्याचंही सांगितलं. 'ठरलं' असं कुठेही म्हटलं नाही. गावाचा दोष नाही, चटया देणाऱ्यांनी प्रेमाने दिल्या, खोटं मी एकट्याने बोललो, असं म्हटलं. पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, 'बस कर, खाली बस!' गावप्रमुख उठून निघून गेले, केलेरा त्यांचा हात धरून गेली. जाताना तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती रडत होती. मग बाकीचेही उठले. ताई आलेल्याच नव्हत्या. पाय दुखतो म्हणून त्या मे महिन्यापासून येत नाहीत. हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. दर रविवारी मी त्यांच्या जागेकडे न पाहण्याची काळजी घेत होतो ना.

चर्चची किल्ली मी त्याच संध्याकाळी देऊन आलो.

सोमवारी कागद लिहिला. तुझ्या कार्यालयाला, माझ्या नावाने. मी खोटं सांगितलं. वाइदोलेचा बालवर्ग चौदा वर्षं तराइविनी चालवतात. त्यांना कुणी पगार दिलेला नाही. त्यांना प्रशिक्षणाला जायचं होतं. इंग्रजी माझंही कच्चं, म्हणून आपल्या भाषेत लिहिलं. मिस गौंडरना कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. तू वाचून दाखवलंस तर बरं होईल.

तो बोटीवर देण्याआधी मला वाटलं, ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी तो ऐकला पाहिजे. निरोपाने नाही.

दुपारी बालवर्गाकडे गेलो. पायरीशी चपला काढल्या आणि खालीच बसलो. ताई आत चटईवर बसल्या होत्या, पाय लांब करून, एक मूल मांडीवर. मला पाहून त्यांनी लगेच पाय ओढून घेतले आणि मान फिरवली. मी छत्तीस वर्षांनी बहिणीसमोर बोललो.  कागद वाचून काढला, शेवटपर्यंत, सहीसकट.

 त्या मुलाच्या पाठीवर थोपटत राहिल्या. मग माझ्याकडे न पाहता, दाराशी बसलेल्या वासितीला म्हणाल्या, 'बाहेरच्यांना सांग, मुलं आत्ताच झोपलीत. हळू बोलावं.'

वासितीने मला सांगितलं. मी मान डोलावली, उठलो, चपला हातात घेतल्या आणि धक्क्यावर जाऊन कागद बोटीच्या माणसाकडे दिला. तो म्हणाला, 'घाईचं आहे का?' मी नाही म्हटलं. बोट सुटली.

अमिनियासी